'बाळ झोपलं की तूही झोप' हे आता बंद करा

हे वाक्य मी बाळ व्हायच्या आधीपासून ऐकतेय. नर्सनं सांगितलं, शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून सांगितलं, ज्यांनी आयुष्यात एकदाही रात्रीचं बाळ सांभाळलं नाही त्यांनी फोन करकरून सांगितलं. आता पुढच्या वेळी कोणी म्हणालं तर मी फोन ठेवून देणार आहे. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. माझा राग कोण विचारतंय?

नवजात बाळ चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपतं, हे खरं आहे. सगळे तेवढंच धरून बसतात. ती झोप किती तुकड्यांत असते ते कोणी बोलत नाही. अंगावर पिणारं बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पितं, आणि रात्र म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. दिवस-रात्रीचं गणित शरीरात बसायलाच दोन-तीन महिने जातात. शिवाय दोन वेळच्या पाजण्यातलं अंतर मोजतात ते एकाच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे 'दर दोन-अडीच तासांनी पाज' याचा अर्थ मधले दोन-अडीच तास मोकळे, असा होत नाही. पाजण्यात अर्धा-पाऊण तास जातो. मग खांद्यावर घेऊन ढेकर निघेपर्यंत पाठ थोपटायची. तेवढ्यात शी होते. डायपर बदलताना गुळणी टाकतो, की मग त्याचेही कपडे बदला आणि माझेही. एवढ्या उलाढालीत तो टक्क जागा झालेला असतो, म्हणजे पुन्हा झोपवा. सगळं आटपून हातात जेमतेम तास उरतो. पुष्कळदा तोही नाही.

आणि झोपवणं म्हणजे काय, हे एकदा बघा येऊन. मांडीवर गाढ झोपलाय, मूठ सैल पडलीय, श्वास एका लयीत चाललाय. मी श्वास रोखून त्याला खाली ठेवते. आधी कंबर, मग पाठ, डोक्याखालचा हात सगळ्यात शेवटी. आणि पाठ गादीला लागली रे लागली की दोन्ही हात फाकवून दचकतो, आणि टाहो. याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, खाली पडतोय असं वाटलं की तान्ही बाळं अशीच दचकतात, काही महिन्यांनी ते आपोआप जातं. मला सगळं माहितीये. रात्री तीन वाजता त्या माहितीचं करू काय? उचला, पुन्हा पहिल्यापासून.

बरं, ठेवला एकदाचा. आता मी झोपायचं, नाही का? मग मी जेवायचं कधी? बाथरूमला कधी जायचं? टाके अजून दुखतात, खाली बसायचं तरी जिवावर येतं. दूध काढायच्या पंपाचे भाग धुवून उकळायचे असतात, दुपट्यांचा ढीग पडलेला असतो. आणि समजा हे सगळं तसंच टाकून मी आडवी झाले, तरी झोप काय बटण दाबून येते? तान्ह्या बाळाची निम्मीअधिक झोप चुळबुळीची असते. झोपेतच कण्हतो, कुंथतो, तोंड वेडंवाकडं करतो, मधेच श्वास भरभर घेतो आणि क्षणभर थांबतो. माझे कान तिकडेच. डोळा लागतो न लागतो तोच तो भुकेनं उठतो.

आणि नेमक्या त्या तासाभरात बेल वाजते. बाळ बघायला आलेत! न विचारता, न कळवता. "झोपलाय? अगं उठव की जरा, डोळे तरी बघू दे." तासभर खपून झोपवलेलं मूल तुमच्यासाठी उठवू? हात न धुता थेट गालाला हात, वर पापी. पापी नको म्हटलं की चेहरे उतरतात, "आम्ही काय परके आहोत का". अहो, ओठांवर फोड आणणारा साधा विषाणू मोठ्यांना दोन दिवस त्रास देतो, तोच नवजात बाळाच्या जिवावर उठू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला तरी वाट न बघता डॉक्टर गाठायचा असतो. तुमची सर्दी तुम्ही घरी घेऊन जाणार, मागे धावपळ आमची. माझ्या बाळापेक्षा तुमचा रुसवा मोठा नाही.

सगळ्यात जास्त तळपायाची आग मस्तकात जाते ती 'दूध पुरत नसेल' या वाक्यानं. संध्याकाळी बाळ किरकिरलं, अर्ध्या-अर्ध्या तासानं प्यायला मागितलं, की निकाल तयार. तुला दूध नाही. झोप नाही, अंग ठणकतंय, हार्मोन्सनी डोकं ठिकाणावर नाही, अशा बाईच्या तोंडावर हे बोलायचं! पहिल्या काही आठवड्यांत संध्याकाळी बाळं अशी लागोपाठ पितात. दूध पुरतंय की नाही ते रडण्यावरून ठरत नाही, ते ओल्या डायपरांवरून आणि वजनावरून ठरतं. पहिला आठवडा संपत आला की दिवसाला सहा किंवा जास्त ओले डायपर, आणि जन्मानंतर उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघालेलं. माझ्या बाळाचं हे सगळं नीट आहे, डॉक्टरांनी बघितलंय. तरी सल्ला चालूच, वरचं दे, थोडं पाणी पाज. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रडण्याचंही तेच. ब्रेझेल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्येच नोंदवून ठेवलंय की बाळांचं रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त होतं आणि मग उतरतं. साठ वर्षं उलटून गेली. तरी बाळ रडलं की बोट आईकडेच.

नवऱ्याबद्दल तर वेगळंच. तो डायपर बदलताना दिसला की "किती मदत करतो गं तुला! नशीबवान आहेस." मदत कसली? मूल त्याचंही आहे. त्यालाही हे कौतुक नकोसं झालंय. त्याला मोजून रजा मिळाली, ती संपली, आणि आता रात्री जागून तो सकाळी कामावर जातो. तिथे कोणी विचारत नाही की बाबा रे, तू झोपलास का. एकदा सिग्नलला थांबल्या थांबल्या डोळा लागला त्याचा. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तिथे मात्र सगळे हसले, म्हणे आता काही वर्षं असंच.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. बाळंतपणानंतर आठवडा-दोन आठवडे उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ते थांबलं नाही, कशातच मन लागेना, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. वडिलांनाही होतो. न मिळालेली झोप त्यात तेल ओतते. पण बाई कधी तोंड उघडून म्हणाली, मला बरं वाटत नाहीये, तर उत्तर ठरलेलं आहे. "सगळ्याच जणी करतात." सगळ्या जणी करतात म्हणून कोणाला त्रासच होत नाही का? कितीजणींनी हे ऐकून पुन्हा कधी सांगितलंच नसेल!

'तूही झोप' म्हणणाऱ्याचं काय जातं? काही नाही. जबाबदारी परत माझ्याच गळ्यात, आता दमलीस तर तुझीच चूक, सांगितलं होतं ना तुला. मला सल्ला नको आहे. मला सलग चार तास हवे आहेत. यायचं तर आधी फोन करून या. हात धुवा, वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घाला, सिंकमधली भांडी घासा. मी पाजून बाळ तुमच्याकडे देईन. त्याला घेऊन बाहेरच्या खोलीत बसा, दार ओढून घ्या, आणि त्याला भूक लागेपर्यंत माझ्या खोलीत कोणी पाऊल टाकू नका.