अडीच टक्क्यांचा हिशेब अपुरा आहे

जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा जेमतेम २.५ टक्के, मग एवढा गहजब कशाला, हा विमानप्रदूषणावरच्या तुमच्या लेखातला सूर पटला नाही. तो आकडा फक्त कार्बन डायऑक्साइडचा. विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे त्यात धरलेलेच नाहीत. खूप थंड आणि दमट हवेत ते पसरतात, ढगांसारखे तासन्‌तास टिकतात आणि जमिनीची उष्णता अडवून धरतात, रात्री तर जास्तच. गंमत म्हणजे हा प्रताप थोड्याच उड्डाणांचा. अशी हवा टाळायला तेवढ्यांची उंची जरा बदलली तरी पुष्कळ फरक पडेल. इंधन किंचित जास्त जळेल, जळू दे.

बॅटरीवरच्या विमानांबद्दल मात्र लेखक फारच आशावादी वाटले. विमानात वापरतात त्या किलोभर केरोसीनमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, चांगल्या बॅटरीत साधारण त्याचा चाळिसावा भाग. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होतं, बॅटरीचं ओझं उतरेपर्यंत तेवढंच. छोट्या पल्ल्याला ठीक, समुद्र ओलांडायला नाही.

राहता राहिलं केरोसीनमध्ये मिसळायचं पर्यायी इंधन, जे सध्या मुख्यतः वापरलेल्या तेला-चरबीपासून बनतं. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के मिश्रण सक्तीचं केलंय, २०५० साठी ७० टक्के. पण तळणीचं वापरलेलं तेल एवढं आणणार कुठून?