आईची हवाई इस्टेट

आईची विमानं माझ्याकडे आली याचं श्रेय माझ्या भावाला. वाटणीचं बोलणं निघताच तो सगळ्यांच्या आधी म्हणाला, "मला काही नको, सगळं हिला द्या." एरवी इतका उदार माणूस नाही तो. मी भरल्या डोळ्यांनी नको-नको म्हणेपर्यंत बाबा माळ्यावर चढलेसुद्धा होते. एकेक खोकं खाली येत होतं आणि दर खोक्यागणिक बाबांचा चेहरा उजळत होता. संसारात त्यांनी या विमानांना एक आख्खी खोली आणि जेवणाच्या टेबलाची निम्मी बाजू देऊन ठेवली होती. "जपून ने," ते म्हणाले, "परत वर चढवायची ताकद आता माझ्यात नाही." म्हणजे माल परत घेतला जाणार नव्हता.

खोक्यांतून निघालं ते असं: रबराला पीळ देऊन उडवायचं एक, दोन तारांना बांधून आपल्याभोवती गोल फिरवायचं एक, रेडिओवर चालणारं मोठं पिवळं एक, आणि बेवारस पंख, शेपट्या, चाकं असं बरंच काही. जुन्या मॉडेलांचे शौकीन 'ओल्ड टायमर' ही पदवी द्यायला फार चिकट; आराखडा १९४२ सालापर्यंतचा असला तरच देतात. त्या हिशेबाने आमचं रबरवालं खरं म्हातारं. बाकीची दोन नुसती थकलेली.

ही सगळी विमानं बाल्साच्या लाकडाची. बाल्सा मुख्यत्वे इक्वेडोरमधून येतो आणि वनस्पतिशास्त्र त्याची गणना 'हार्डवुड'मध्ये करतं. हे ज्याने ठरवलं त्याने बाल्सावर कधी कोपर टेकलं नसावं. नखाने खूण उमटते, जरा प्रेमाने धरलं की बोट आत. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो नावाचं विमान प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून बनवत, आणि ते ताशी ६०० किलोमीटरच्या वर पळायचं. आमचं पिवळं खोक्यातून टेबलावर येईतो दोन रिबा, म्हणजे पंखाच्या बरगड्या, मोडून बसलं.

सांगाड्यावर टिश्यू कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर डोप लावतात. डोप म्हणजे सेल्युलोजचं लॅकर. वाळताना ते आकसतं आणि कागद तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. निदान नवा असताना. म्हातारपणी त्याच्याकडे बोट दाखवलं तरी भोक पडतं. म्हणून मी तो सगळा सोलून काढला, आणि आत आईचं अक्षर निघालं.

रिबांवर, स्परवर (म्हणजे पंखाच्या कण्यावर), जिथे जागा सापडेल तिथे पेन्सिलीने नोंदी. 'डावा पंख. कुंपण.' 'डावा पंख. तेच कुंपण.' 'शेपूट. गाय (उभी होती).' एका जागी 'वारा नव्हता. कारण सापडलं नाही', आणि खाली निराळ्या पेन्सिलीने: 'सापडलं. ह्यांनी मध्येच हाक मारली.'

आम्हा मुलांना शिकवला गेलेला इतिहास वेगळा होता. आई सकाळी विमान घेऊन जायची, दुपारी विमान घेऊन यायची, "कसं उडालं?" विचारलं की "छान" म्हणायची. सकाळी हातात धरून नेलेलं विमान दुपारी पिशवीत का येतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता पाहते तर डाव्या पंखात मूळची म्हणावी अशी रिब शोधावी लागते. सगळ्या बदललेल्या. एखादी तर इतक्यांदा जोडलेली, की तीत लाकूड कमी आणि गोंद जास्त. लोक 'जपून ठेवलेलं जुनं विमान' म्हणून जे कौतुकाने बघतात तो खरं म्हणजे दुरुस्त्यांचा ढीग असतो. यातून मला धीर यायला हवा होता. झालं उलटंच. बाईने इतक्यांदा मोडून इतक्यांदा उभं केलं, आणि ते कायमचं मोडायचा मान मला मिळायचा, या विचाराने हात थरथरायला लागले; आणि हा उद्योग थरथरत्या हातांचा नव्हे.

बाल्सा सिमेंट, म्हणजे ही लाकडं जोडायचा जुना गोंद, वयोमानाने ठिसूळ होतो. एक सांधा डिवचला की शेजारचे दोन आपणहून राजीनामा देतात. त्यांच्या जागी मी सुपरग्लू नेमला. १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे रसायन हाती लागलं आणि 'सगळ्यालाच चिकटतं' म्हणून बाजूला टाकलं गेलं. तक्रार रास्त होती. एका रात्री माझी दोन बोटं, एक रिब आणि आईचा मूळ आराखडा असे आम्ही एकजीव झालो. नवऱ्याने धावत जाऊन ॲसिटोन आणलं. त्याआधी फोटो काढला.

मग नवा कागद आणि नवा डोप. खिडक्या सताड उघड्या, आणि आगीपासून चार हात लांब, कारण नायट्रेट डोप पेट घ्यायला निमित्तच शोधत असतो. इथवर ठीक. पण कागद ताणला जाताना पंखाला पीळ पडतो. टाचण्या मारून तो फळीला जखडायचा, तरी सोडला की एक कोपरा वर करून बघतोच. त्यावर उपाय म्हणजे किटलीच्या वाफेवर धरून उलट पिळायचा आणि निवेपर्यंत तसाच धरून बसायचं. त्या वेळात फोन वाजतो, दारावर कुणीतरी येतं, नाकाला खाज सुटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणणाऱ्याने सुंभावरच भागवलं. त्याच्या हाती हा पंख पडला असता तर म्हण याहून तिखट झाली असती. रात्री सरळ केलेला पंख सकाळी पुन्हा मूळ स्वभावावर. शेवटी स्परवरची आईची नोंद वाचून मी किटली खाली ठेवली: 'हा डावीकडे वळतो. वळू दे.'

इंजिनाचं तर नमनालाच घडाभर तेल. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणाला चक्क एरंडेल असतं. चालू असताना ते एरंडेल विमान, विमानवाला आणि बघे यांना भेदभाव न करता न्हाऊ घालतं. नुसतं ठेवून दिलं की आतल्या आत वाळून त्याचं वार्निश होतं. आईचं इंजिन इतकी वर्षं एरंडेल पोटात घेऊन बसलं होतं आणि चेहराही तसाच करून बसलं होतं. पंखा तसूभर हलेना. इथे जोर लावला तर आतला रॉड वाकतो, म्हणून जोर नाही, शेक द्यायचा. हेअर ड्रायर धरायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचे, वाट बघायची, पुन्हा शेक. "मला ताप आला होता तेव्हा पॅरासिटामॉल कुठे आहे ते लांबूनच सांगितलं होतंस," असं नवरा म्हणाला, पण त्याच्यात काही जाम झालेलं नव्हतं.

सुटलं एकदाचं. १९४७ मध्ये रे आर्डेन नावाच्या अमेरिकन माणसाने ग्लो प्लग, म्हणजे ठिणगीऐवजी तापल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, आणला आणि कॉइल, कंडेन्सर, बॅटऱ्या हे सगळं लटांबर विमानातून खाली उतरलं. दीड व्होल्टच्या सेलने प्लॅटिनमची इवलीशी तार लाल करायची, पंख्याला बोटाने टिचकी मारायची आणि इंजिनाने धरलं की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम एकमेकांना तापतं ठेवतात. वाचायला किती सोपं! प्रत्यक्षात आपण पंख्याला एक टिचकी मारतो आणि पंखा आपल्याला चार मारतो. त्यातून या छोट्या इंजिनांना उलटं सुरू व्हायची खोड असते. आमचं पहिल्यांदा सुरू झालं तेच उलटं; पूर्ण जोशात, कानठळ्या बसवत, विमानाला मागे रेटत. बाबा खुर्चीतून न उठता म्हणाले, "तिचंच आहे. शंकाच नाही."

राहिला तोल. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर यावा लागतो. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं आणि शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, असं या छंदातले लोक सांगतात. त्यामुळे नाकात वजन भरतात. आईने काय भरलंय ते बघायला झडप उघडली. आत शिशाचा एक तुकडा, दोन नट, आणि गोंदाने पक्की बसवलेली एक पितळी किल्ली.

बाबांनी चष्मा पुसला. किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा किल्लीकडे पाहिलं.

"कपाटाची," ते म्हणाले.

त्या किल्लीवरून आमच्या घरात एके काळी रामायण घडलं होतं. ती बाबांनी हरवली असं सर्वानुमते ठरलं होतं, बाबांनी ते मान्यही केलं होतं, कुलूप तोडलं होतं. पुढे कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की त्या किल्लीचा दाखला निघायचा.

"पण बाबा, आईसुद्धा शोधत होती ना तुमच्याबरोबर?"

"टॉर्च तिनेच धरला होता."

मी पकड घेऊन किल्ली उपटायला निघाले तर बाबांनी हात धरला. "राहू दे. तोल जाईल." कुणाचा, ते मी विचारलं नाही.

रेडिओ मात्र बदलावाच लागला. आईचा ट्रान्समीटर एका बटणाचा. दाबून धरलं की विमान उजवीकडे, सोडून पुन्हा दाबलं की डावीकडे, आणि विमानातलं सुकाणू हलवायला पुन्हा पिळलेलं रबरच. १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी रेडिओवर उडवलेलं 'गफ' आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आईचा ट्रान्समीटर त्याच घराण्यातला वाटावा असा. मी २.४ गिगाहर्ट्झवाला आणला, सुकाणू हलवायला सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी बसवल्या, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

विमान फार सुंदर दिसायला लागलं. ऊन पडलं की पिवळ्या कागदातून रिबांच्या सावल्या दिसत. आता हे उडवायचं? मोडकं होतं तेव्हा कधी एकदा उडवते असं झालं होतं. धड झालं तशी मी हवामानाची अभ्यासक झाले. आज वारा आहे. आज वारा नाही, पण उद्या सुटेल. आज सगळं उत्तम आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे. तालीम म्हणून तारेवालं फिरवून पाहिलं. त्यात विमान वर्तुळात उडतं आणि आपण मधोमध हँडल धरून त्याच्याबरोबर गरगर फिरतो. विमान सुखरूप उतरलं, मी गवतात आडवी. मग रबरवालं सोडलं. ते जरा तरंगलं आणि टेकलं. त्यावर मी स्वतःची अशी समजूत घातली, की १८७१ मध्ये अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचं रबरावरचं विमान ११ सेकंदांत ४० मीटर गेलं होतं, आणि १९०३ मध्ये राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं, म्हणजे ४० मीटरसुद्धा नाही. याच पेनोच्या धर्तीचं एक रबरी खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिलं होतं. असली खेळणी मुलांच्या हाती देताना पालक पुढचा विचार म्हणून करत नाहीत.

"तिने कधी हवामान पाहिलं नाही," एक दिवस बाबा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मैदानावर इंजिन सुरू करेपर्यंत बघे जमलेच. ते कुठून येतात, देव जाणे.

"काकू, ड्रोन आहे का?"

"नाही."

"कॅमेरा आहे?"

"नाही."

"मग करतं काय?"

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे मी ते सोडलं. आणि काय सांगू, उडालं! डावीकडे वळत, आईच्या म्हणण्याप्रमाणे, पण उडालं. तोंडाला एरंडेलाचा फवारा, कानात तो कर्कश आवाज. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर सगळे वैमानिकच असतात. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं उजवं होतं आणि उजवं डावं. त्यावर तोडगा असा, की जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला कांडी ढकलायची, फार विचार करायचा नाही. मी विचार केला नाही. मागे उंटावरून शेळ्या हाकणारे बरेच होते, ते करत होते. "वर घ्या!" "खाली घ्या!" "आता सोडून द्या!"

मग टाकी संपली, इंजिन थांबलं, आणि विमान ऐटीत तरंगत, डावीकडे वळत, आख्ख्या मैदानात असलेल्या एकुलत्या एक झाडाच्या शेंड्यात जाऊन बसलं.

"पडलं!" पोरं ओरडली.

"पडलेलं नाही, टेकलंय," बाबा म्हणाले आणि शांतपणे गाडीकडे गेले. परत आले ते हातात बांबूचे तुकडे घेऊन. एकात एक बसवत गेले तशी ती काठी वाढत गेली. टोकाला तारेची आकडी, आकडीभोवती जुना मोजा शिवलेला, म्हणजे कागद फाटू नये. मी जन्मात ती काठी पाहिली नव्हती.

"ही कुठे होती?"

"माझ्या खोक्यात. ते तुला दिलेलं नाही."

त्यांनी मान वर करून फांद्यांचा अंदाज घेतला. "पंखाला हात लावायचा नाही, आधी शेपूट सोडवायची. इथे उभी राहा. नाही, दोन पावलं मागे. ए पोरांनो, सरका! आणि हे बघ, पंख झेलायला जाऊ नकोस, नाकाखाली ओंजळ धर. किल्ली आहे त्यात."