बॅटरी बदलल्यावर फोन बिघडला? आधी रिसेट मारू नका

“बॅटरी बदलल्यावर फोन आपोआप बंद-चालू होतोय? नव्या बॅटरीला रुळायला वेळ लागतो. आठ तास सलग चार्ज करा, तीन वेळा शून्यावर आणा. तरी नाही जमलं तर फॅक्टरी रिसेट मारा. सेटिंगमध्ये ‘अनोळखी पार्ट’ दिसला तर बॅटरी डुप्लिकेट समजा.” हा मेसेज सगळीकडे फिरतोय. मी फोन दुरुस्त करतो, आणि हा सल्ला ऐकून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात म्हणून लिहितोय.

आठ तासांचा नियम जुन्या निकेल बॅटऱ्यांचा. लिथियमची बॅटरी साधारण 4.2 ते 4.4 व्होल्टला भरली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. पुढचे तास फुकट.

तीनदा शून्यावर आणणं? त्यात थोडं तथ्य आहे. टक्केवारी चुकीची दिसत असेल, म्हणजे वीस टक्क्यांवरून फोन धाडकन बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण वापरून सलग शंभरपर्यंत चार्ज केल्यावर आकडा बरेचदा ताळ्यावर येतो. पण सुधारतो तो हिशेब. पुन्हा पुन्हा शून्यावर नेलं तर बॅटरीचंच आयुष्य घटतं.

खरा राग रिसेटचा. एक कॉलेजची मुलगी आयफोन घेऊन आली. बाहेर बॅटरी बदलून घेतलेली, तेव्हापासून दर तीन मिनिटांनी रिस्टार्ट. मेसेज वाचून तिने रिसेट मारला होता, बॅकअप न घेता. फोटो सगळे गेले, रिस्टार्ट तसाच. सेटिंगमधल्या अ‍ॅनालिटिक्स डेटात ‘पॅनिक-फुल’ नावाची (फोन अचानक का बंद पडला याची) नोंद उघडली, तर आत लिहिलेलं : सेन्सर सापडत नाही, ‘पीआरएस0’. हा हवेच्या दाबाचा सेन्सर, चार्जिंगच्या पट्टीवर, म्हणजे चार्जिंगची जागा बोर्डाला जोडणाऱ्या पातळ लवचीक केबलवर बसतो. तापमान आणि सेन्सरवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला उत्तर मिळालं नाही की फोन सुमारे 180 सेकंद वाट पाहून स्वतःला रिस्टार्ट करतो. फोन उघडला, भिंगाखाली धरला. चिकटलेली बॅटरी उपसताना पत्ती लागून पट्टीला केसाएवढी चीर पडली होती. पट्टी बदलली, फोन सुरळीत चालला. तिथे ‘टीजी0बी’, म्हणजे बॅटरीच्या सेन्सरचं नाव, दिसलं असतं, तर आधी बॅटरीचं कनेक्टर नीट बसलंय का ते पाहिलं असतं.

अँड्रॉइडमध्येही हेच. रेडमी नोट 4 चा फिंगरप्रिंट मागच्या झाकणाला असतो. झाकण घाईत ओढलं की त्याची पट्टी तुटते, आणि लोक बोट पुसत बसतात.

आता ‘अनोळखी पार्ट’. 2018 च्या आयफोन एक्सएस, एक्सआरपासून बॅटरीची फोनच्या मुख्य बोर्डाशी सॉफ्टवेअरने जोडी लावलेली असते. त्यामुळे दुसऱ्या तशाच आयफोनमधून काढलेली अस्सल बॅटरी बसवली तरी तो इशारा येऊ शकतो. नकली बॅटऱ्या बाजारात आहेतच, पण एवढ्यावरून दुकानदाराला चोर ठरवू नका. मागचं झाकण किंवा फोल्डर (पुढची स्क्रीन) वर उचललेला दिसला, म्हणजे बॅटरी फुगल्याची शंका आली, तर मात्र चार्जिंग लगेच बंद करा आणि फोन उघडायला द्या.

बाकी बिघाडात बॅकअप घ्या, त्याच दुकानात जा आणि तुमच्यासमोर फोन उघडून सगळे कनेक्टर पुन्हा बसवायला सांगा. जुनी बॅटरी मागून घेतली असेल आणि ती फुगलेली नसेल, तर तीच लावून बघायला सांगा. तिच्यावरही फोन रिस्टार्ट होत असेल, तर दोष नव्या बॅटरीत नाही. पट्टीत, कनेक्टरात किंवा बोर्डावर शोधावा लागेल.