गोरेगाव-मुलुंड लिंक रोड दिल्लीने फुकट दिला म्हणे!

मुलुंडपासून दिंडोशीपर्यंतच्या सोसायटी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडे पण आला असेल. थोडक्यात असं की गोरेगाव-मुलुंड लिंक रोड ही केंद्राची मुंबईला भेट आहे, पालिकेचा एक रुपया लागला नाही, पालिकेच्या 90 हजार कोटींच्या एफडी (बँकेतल्या मुदत ठेवी) जशाच्या तशा आहेत, नगरसेवकांनी एकमताने पास केलाय, रस्ता झाला की जेव्हीएलआर (पवईवरून जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) रिकामा, आणि इतकी वर्षं लटकला तो फक्त पर्यावरणवाल्यांमुळे. खाली चार तिरंगे आणि हात जोडलेले. रस्ता मला पण हवाय, पवईला अडकलेला कोणीही सांगेल का ते, पण म्हणून काहीही खपवायचं का?

आधी पैसे. 13 जुलै 2024 ला गोरेगावात पंतप्रधानांच्या हस्ते बोगद्याचं भूमिपूजन झालं, हे खरं. पण नारळ कोणी फोडला आणि बिल कोण भरतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना राव. प्रकल्प मुंबई महापालिकेचा, टेंडर पालिकेचं, पैसे पालिकेच्या बजेटमधले. साधारण 12.2 किमीचा रस्ता, त्यात नॅशनल पार्कखालून 4.7 किमीचे जुळे बोगदे, आणि नुसतं बोगद्यांचंच काम सहा हजार कोटींच्या वर. गोंधळ कुठून झाला असेल त्याचा अंदाज येतो, त्याच कार्यक्रमात ठाणे-बोरिवली बोगद्याचा पण नारळ फुटला आणि तो आहे एमएमआरडीएचा, म्हणजे राज्य सरकारच्या प्राधिकरणाचा, लोकांनी दोन्ही एकाच पिशवीत टाकले. आता कोणी म्हणेल जकात गेल्यापासून पालिका सरकारच्याच पैशावर जगते. 2017 ला जीएसटी आल्यावर जकात बंद झाली आणि राज्य सरकार त्याची भरपाई देतं, बरोबर, पण ती कायद्याने देतं, मुंबईची जकात गेली म्हणून देतं, त्यात उपकार कसला.

एफडी म्हणाल तर मार्च 2022 मध्ये 92 हजार कोटींच्या आसपास होत्या, 2024 पर्यंत 80 ते 85 हजारांच्या दरम्यान आल्या. जशाच्या तशा कुठे? आणि तो सगळा मोकळा पैसा पण नाहीये, कर्मचाऱ्यांचा पीएफ, पेन्शन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा असं बरंच त्यात अडकलेलं असतं. त्यामुळे "हातच लावला नाही" म्हणणारे आणि "पडून आहेत, काढा आणि बांधा" म्हणणारे दोघंही चुकतायत.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते "नगरसेवकांनी एकमताने पास केलं". कुठले नगरसेवक? त्यांची मुदत संपली मार्च 2022 ला, पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 ला, आणि बोगद्याचं कंत्राट दिलं 2023 मध्ये. तेव्हा सभागृह रिकामं, स्थायी समिती नाही, आयुक्तच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारे पण तेच आणि मंजूर करणारे पण तेच. एरवी स्थायी समितीत कितीही आरडाओरडा, सेटिंग, टक्केवारीच्या कुजबुजी असोत, पण विरोधातला एखादा तरी उठून विचारतो की खर्च वाढला कसा, आमच्या वॉर्डातल्या नाल्याचे पैसे कुठे गेले, बाधितांना घरं देणार ती कुठे देणार, आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. या रस्त्याच्या सगळ्यात मोठ्या खर्चावर ही झटापट झालीच नाही. एकमताने म्हणाल तर हो, एकमतानेच झालं, कारण मत एकच होतं! आता सभागृह भरलंय तर निदान पुढच्या वाढीव खर्चाला तरी तुमच्या नगरसेवकाला तोंड उघडायला लावा, ग्रुपवर तिरंगे टाकण्यापेक्षा ते बरं.

जेव्हीएलआर रिकामा होणार यावर तर हसू येतं. 2013 ला चेंबूरकडून दक्षिण मुंबईत जाणारा ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला तेव्हा चेंबूरवाले खूश होते आणि त्यांचा वेळ खरंच वाचला, पण गाड्या ऑरेंज गेटला उतरून पी. डिमेलो रोडवर तुंबायला लागल्या, म्हणून आता तिथून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा चाललाय, आणि दुसऱ्या टोकाला छेडानगरहून ठाण्यापर्यंत फ्रीवे वाढवतायत. बायपासला बायपास! इथेही तेच, बोगद्यातून सुसाट निघालेल्या गाड्या मुलुंडला पोचून जाणार कुठे, नाहूरचा पूल, एलबीएस रोड, पुढे ऐरोलीचं जंक्शन. 75 मिनिटांचा प्रवास 25 मिनिटांवर येणार हा सरकारी आकडा आहे आणि तो पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा, तुमच्या बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंतचा नाही. थोडा भार नक्की कमी होईल, नाही कोण म्हणतंय. पण यातून बेस्टच्या किती बस सोडणार हे मात्र कोणीच विचारत नाही, जणू मुंबईत सगळे कारनेच फिरतात.

पर्यावरणवाल्यांचं काय, तर दुसऱ्या रस्त्यांचं उदाहरण घ्या. कोस्टल रोडची सीआरझेड (किनाऱ्यालगत बांधकामाची) परवानगी हायकोर्टाने जुलै 2019 ला रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. पाच महिने, बास. उलट सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड बघा, साडेसहा किमी पण धड नाही, 2003 ला काम सुरू आणि 2014 ला उघडला, तिथे ना जंगल ना बिबट्या, अडलं होतं ते लोकांची घरं हलवण्यावर आणि रेल्वेवरच्या पुलावर. तेव्हा शिव्या द्यायच्याच असतील तर पत्ता नीट बघून द्या.

याच मेसेजची एक उलटी आवृत्ती पण आहे, की मुलुंडला परत टोलनाका बसणार. पालिकेने बांधलेल्या कोस्टल रोडवर टोल नाही, टोल आहे तो सी लिंकवर आणि सी लिंक एमएसआरडीसी या राज्य सरकारच्या महामंडळाचा. मुलुंडवाल्यांना नाका बघायची सवय झालीये म्हणून पटकन पटत असेल, पण त्या नाक्यावर पण कारवाल्यांना ऑक्टोबर 2024 पासून टोल माफ आहे.