कापूरबावडी ते कासारवडवली, व्हाया तळघर

मुलांनी गोष्टींची पुस्तकं वाचावीत, असं शाळेला मनापासून वाटतं. फक्त ती सुखाने वाचू नयेत, एवढीच अट. म्हणून आमच्या चौथीतल्या कन्येला एक वही घालायला सांगितलीय. रोज इंग्रजी कादंबरीतले पाच नवे शब्द, अर्थ, स्वतःचं वाक्य आणि खाली पालकांची सही. सहीची जागा बघितली की अभ्यास कोणाचा, ते कळतं.

कादंबरीतल्या मुलाला संशय आहे की दीपगृहाखाली तस्कर लपलेत. कंदील घेऊन तो तळघराच्या तिसऱ्या पायरीवर उभा आहे. गणपतीत उभा होता, दिवाळीचा फराळ संपत आला तरी तिथेच आहे. दर ओळीला आम्हीच त्याला थांबवतो, थांब बाबा, शब्द बघायचाय.

वाक्यांचा प्रश्न कन्येने एकहाती निकालात काढलाय. 'आय लाइक लँटर्न.' 'आय लाइक लेज.' 'आय लाइक स्मगलर.' या तिसऱ्या वाक्यावर बाईंनी लाल शाईने 'गुड' लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे.

मग बायकोने पाच बोटांचा नियम शोधून काढला. पान वाचायचं, शब्द अडला की एक बोट दुमडायचं. दोन-तीन दुमडली तर पुस्तक योग्य, पाचही दुमडली तर अवघड, परत ठेवा. आमची पाच बोटं पहिल्याच परिच्छेदात संपली. कन्येने दुसरा हात काढला, तोही संपला. मग आजीचे मागितले. "माझे कणकेत आहेत गं," आजी म्हणाली, पण दिले. त्या रात्री आम्ही दहाला जेवलो.

नियम पोरकट वाटतो, पण त्यामागचा हिशोब पक्का आहे. हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली दाखवलं, की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला 100 पैकी साधारण 98 शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एकच परका. मुलांच्या पुस्तकाच्या पानावर दोन-अडीचशे शब्द धरले तर परके चार-पाच, एका हाताला पुरतील इतकेच. मोठ्यांच्या कादंबऱ्यांसाठी याच नेशन यांनी 2006 मध्ये 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबांचा, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक असा, अंदाज मांडला. रोज पाचच्या दराने, रविवार आणि मे महिना न सोडता, एकही न विसरता, चार वर्षांवर लागतील. तोवर त्या पायरीवरच्या पोराला मिशा फुटतील.

बरं, उपाय काही नवा नाही. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकांनी 1920च्या दशकात ढाक्यात राहून मोजक्या शब्दांची वाचनमाला रचली. नवा शब्द बेताने आणायचा आणि आला की पुन्हा पुन्हा भेटवायचा, म्हणजे पाठ करावा लागत नाही. डॉ. स्यूस यांनी तर 1960 मध्ये प्रकाशकाशी पैज लावून फक्त 50 वेगवेगळ्या शब्दांत अख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या वहीने ते दहा दिवसांत संपवलं असतं, गंमतीसकट. पण शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी जाडजूड मालिकेच्या चौथ्या भागावर आहे म्हटल्यावर पातळ पुस्तक घरात आणायची सोय नव्हती.

अखेर सुटका केली ती ठाण्याच्या घोडबंदर रोडने. शनिवारी राम मारुती रोडवरची खरेदी उरकून निघालो आणि कापूरबावडीला ठप्प झालो. पुढे ट्रेलर, वर मेट्रोचे खांब. दोन्ही मोबाइल मेलेले, म्हणजे डिक्शनरीही मेलेली. कंटाळून कन्येने पिशवीतून पुस्तक काढलं. मानपाड्याला मुलगा तळघरात उतरला. पातलीपाड्याला कंदील विझला. वाघबीळला मागून पावलं वाजली, तेव्हा आजीने गाडीतला रेडिओ बंद करायला लावला.

"लेज म्हणजे काय गं?" मी सवयीने विचारलं.

"तो त्यालाच धरून लटकलाय बाबा! गप्प बस ना."

आनंदनगरच्या सिग्नलला तस्कर सापडले. आजीला ते पहिल्यापासून माहीत होतं, असं आजी म्हणाली. कासारवडवलीला गाडी थांबली तेव्हा बाईसाहेब उतरायला तयार नव्हत्या, शेवटची तीन पानं राहिली होती. पार्किंगमध्ये इंजिन बंद करून आम्ही चौघं बसून राहिलो. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

दुसरा भाग यापेक्षा जाड आहे. येत्या शनिवारी गायमुखच्या घाटापर्यंत जाता येईल का, अशी चौकशी झालीय.