टॉवेल-टोपीचा पुरावा

आमचं लग्न १९९६ सालचं. त्या लग्नात बायकोच्या थोरल्या मामांना टॉवेल-टोपी दिली की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे. बेळगावच्या सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात गेला २००४ साली. आमचा त्याच्या आठ वर्षं आधीचा, आणि त्याला कोर्टही नाही.

परवा खानापूरहून मामांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली. बायको म्हणाली, "आपण जायचं, पण मान घ्यायचा नाही. त्यांना कुठं दिला होता तुमच्या लोकांनी?" मी कपाटातून लग्नाची व्हीएचएस कॅसेट काढली. म्हटलं, आज निकालच लावू.

व्हीसीआर माळ्यावर होता. जुना डबा टीव्ही मात्र भंगारवाला कधीच घेऊन गेला होता. उरला होता पोराचा कॉम्प्युटरचा मॉनिटर. व्हीसीआरच्या मागं पिवळं, लाल, पांढरं अशी तीन भोकं, पिवळ्यातून चित्र आणि बाकी दोन्हीतून आवाज. मॉनिटरच्या मागं पंधरा छिद्रांचं व्हीजीए आणि एक चपटं एचडीएमआय. सोयरीक जुळण्यासारखी नव्हती.

खडेबाजारातल्या एका दुकानात गेलो. एका टोकाला तीन रंगीत पिना आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी एक वायर मिळाली. "लावा की काका, हमखास चालतंय." लावली. मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

पोराला पुण्याला फोन केला. त्यानं जे सांगितलं ते बेळगावच्या माणसाला पटकन कळण्यासारखं आहे. व्हीसीआर सेकंदाला १५,६२५ रेघा पाठवतो, त्याही आधी एकाआड एक, मग मधल्या. मॉनिटरला निदान ३१ हजारांच्या वर लागतात, त्याही ओळीनं. वायर म्हणजे नुसता रस्ता. मराठी बोलणाऱ्या म्हातारीला रिक्षातनं कन्नड ऑफिसच्या काउंटरपर्यंत नेऊन सोडलं, म्हणून तिचं काम होत नाही. सोबत दुभाष्या पाहिजे. तो दुभाष्या म्हणजे कन्व्हर्टर.

परत बाजार. आता काड्यापेटीएवढा काळा डबा आणला. एका बाजूला तीन रंगीत भोकं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. सगळं बरोब्बर बसलं. मॉनिटर काळा तो काळाच. तासभर पिना काढल्या, घातल्या, फुंकल्या. शेवटी चष्मा लावून डब्यावरचं वाचलं, तर तो एचडीएमआयचं एव्ही, म्हणजे तीन रंगीत पिनांचं, करणारा होता. मला हवा होता उलटा. दोन्ही डबे जुळे भाऊ, पण काम एकतर्फी. ह्यात मी त्याला बोल लावू शकत नाही. मला कन्नड सगळं समजतं, पण बोलायचं म्हटलं की 'हौद्री' आणि 'इल्ल', म्हणजे हो आणि नाही, ह्यांच्यापुढं गाडी सरकत नाही. मीही एकतर्फीच डबा.

दुकानदारानं बदलून दिला नाही. दुसरा घेतला. त्याला वेगळा करंट लागतो, मोबाईलच्या चार्जरचा. तो लावेपर्यंत घरातलाच करंट गेला.

रात्री नऊला चित्र आलं! बायको पदराला हात पुसत धावत आली आणि किंचाळली, "मी लग्नात एवढी जाड होते?" जुन्या चौकोनी चित्राला मॉनिटरनं दोन्हीकडून ओढून रुंद केलं होतं. मी मेनूत जाऊन चार-तीनचं माप शोधेपर्यंत तिनं त्या दिवशीच्या साडीला, ब्लाउजच्या शिंप्याला आणि मला दोष देऊन घेतला. बारीक झाल्यावर गप्प बसली.

आवाज नव्हता. मॉनिटरला स्पीकरच नाही. पुढं पळवावं तर कन्व्हर्टरचा ताल चुकायचा आणि पडदा निळा व्हायचा. म्हणून हळद, मुंडावळ्या, रुसलेले काका, जेवणावळीत कुंदा वाढणारा पोऱ्या, असं सगळं चालीचालीनं आणि मुक्यानं बघावं लागलं. कॅमेरावाल्याचं बँडवर फार प्रेम होतं. एका कमळात आमच्या दोघांची तोंडं घालून त्यानं ती गरागरा फिरवलीही होती.

दीड तासानं मानपान आला. मामा पाटाकडं निघाले. मी खुर्चीच्या टोकावर. इतक्यात आमच्या तात्यांची रुंद पाठ कॅमेऱ्यापुढं आली आणि ठाण मांडून बसली. ती हलली तेव्हा मामांच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल!

"बघ!" मी ओरडलो.

बायकोनं मॉनिटरला नाक लावलं. "टोपी मामा घरातनंच घालून आलेले. आणि नवा टॉवेल पांढरा असतोय. हा पिवळा आहे."

"अगं, कॅसेटचा रंग उतरलाय!"

"मग एवढे पैसे घालून त्या डब्यानं काय केलं?"