बॉडी ताब्यात घेताना

अमळनेर-जळगाव एसटीत, धरणगाव सुटल्यासुटल्या फोन वाजला. वैशाखातली दुपार, खिडकीतून भट्टीची हवा आत येत होती, आणि गाडीच्या खडखडाटात समोरच्याला ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानेच बोललो.

"हां, बोला! बॉडी आहे ना अजून? ... निघालोय मी. आधी नीट बघेन, मगच ताब्यात घेईन. ... मार कुठे लागलाय? ... खालच्या बाजूला? ... नाही हो, सोबतचं बाकी काही नको. मला नुसती बॉडी पाहिजे."

फोन खिशात ठेवला तेव्हा शेजारच्या बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मागच्या सीटवरच्या बाईंनी कुरकुऱ्यांसाठी रडणाऱ्या पोराच्या तोंडावर पदर धरला होता.

"जवळनं व्हतं का कोनी, भाऊ?" बाबांनी हळू विचारलं.

माझं डोकं कॅमेऱ्यातच. म्हणालो, "अजून नाही. पण आठ महिने झोप नाही बघा."

बाबांनी मान हलवली. "सिव्हिलवाला कागद लवकर देतस नही. वळखनं कोनी शे का तठे?"

त्यांना खरं काय ते सांगावं, असं मनात आलं होतं. पण ज्या माणसाने आपल्या दुःखात स्वतःची तंबाखूची डबी पुढे केली, त्याला 'हे दुःख सत्तेचाळीस हजारांचं आहे आणि मी ते हौसेने विकत घेतोय' हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी चिमूट घेतली. मी तंबाखू खात नाही.

हे सगळं सुरू झालं ते 'क्रॉप' या एका शब्दावरून. मी शाळेत चित्रकला शिकवतो. दहा वर्षांपूर्वी थकबाकी मिळाली तेव्हा निकॉनचा डी ५३०० घेतला होता. त्याच्यावर मी हतनूरची बदकं काढली, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे काढले आणि नात्यातली एकोणीस लग्नं फुकटात काढली. कॅमेऱ्यात काही उणं आहे अशी शंका मला कधी आली नव्हती. मग सप्टेंबरात पुण्याचा भाचा आला, त्याने कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही अजून क्रॉपवरच?"

आमच्या खानदेशात क्रॉप म्हणजे कापूस आणि केळी. त्या क्रॉपचा निदान विमा तरी निघतो. माझ्या क्रॉपला कोण विचारणार?

भाच्याने समजावलं. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. फिल्मच्या जागी चित्र टिपणारा सेन्सर तेवढाच असेल तर तो फुल फ्रेम. माझा सेन्सर साडेतेवीस बाय साडेपंधराच्या आसपास. म्हणजे दहा वर्षं मी चित्राच्या मधल्याच तुकड्यावर समाधानी होतो. थाळीतली वाटीच तेवढी जेवत आलो होतो म्हणा ना.

त्या रात्रीपासून झोप गेली.

घरात विषय काढायचा तर आईपासून सुरुवात करावी, असं ठरवलं. तिला कळेल अशा भाषेत सांगायला गेलो. म्हटलं, "हे बघ, तव्यावर पोळी होते. पण मांडा तव्यावर होईल का? त्याला खापरच पाहिजे. खापर मोठं, म्हणून मांडा मोठा. माझा कॅमेरा तवा आहे. मला खापर घ्यायचंय."

आई गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. "खापर मोठं लयं तं पुरनबी जास्त लागी. चुल्हाबी मोठा लागी. त्यानं काय?"

तेव्हा मी हसलो होतो. फुल फ्रेम बॉडीला, म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्याला, फुल फ्रेमच्याच लेन्स लागतात, त्या जड असतात, आणि चांगली लेन्स बॉडीपेक्षा महाग पडू शकते, हे मला पुढे तीन महिने रात्र रात्र वाचून कळलं. आईला ते गहू निवडता निवडता कळलं होतं.

आमचे गणिताचे सर तर याहून वाईट निघाले. स्टाफरूममध्ये खडूने टेबलावरच आकडेमोड केली. ३६ गुणिले २४ म्हणजे ८६४. २३.५ गुणिले १५.६ म्हणजे ३६६ आणि वर थोडे. "क्षेत्रफळ सव्वादोनपटीहून जास्त," असं म्हणाले तेव्हा माझा चेहरा उजळला. पण सर थांबले नाहीत. "तुम्ही पक्षी काढता ना? लहान सेन्सरमुळे तुमची ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी पक्षी जवळ आणते. फुल फ्रेमवर ती ३००च. म्हणजे दीड लाख देऊन तुम्ही दीडशे मिलिमीटर घालवणार. मिलिमीटरला हजार रुपये पडले." मग खडू खिशात टाकून आठवीच्या वर्गावर निघून गेले. अशी माणसं वर्गात मुलांचं काय करत असतील!

बायकोचं म्हणणं थोडक्यात होतं. जळगाव जिल्ह्यात राहून, सोनं सोडून दुसऱ्या कशावर दीड लाख घालवणारा माणूस तिने पाहिलेला नव्हता. शिवाय सोनं मोडायला गेलं तर वाढीव भावाने मोडता येतं. "तुमची ती बॉडी दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत निम्मी होते." हे खोटं आहे म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग सुरू झाला मॉडेलांचा फेरा. भाचा म्हणे, आरशाचे कॅमेरे मेले, आता मिररलेस. सोनीचा ए ७ थ्री २०१८ चा आहे, पण अजून दणकट आहे. कॅननचा आर ८ जेमतेम ४६१ ग्रॅमचा, पण हात हलला तर सांभाळून घेणारी सोय बॉडीत नाही. निकॉनचा झेड ५ घेतला तर माझ्या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालतील, म्हणजे बसतील, म्हणजे चित्राचा मधला तुकडा तेवढा देतील. म्हणजे पुन्हा क्रॉपच! एका बॉडीत दोन कार्डं बसतात, दुसरीत एकच. तिसरीला लागतं ते कार्ड माझ्या मोबाईलपेक्षा महाग. एका रात्री कुठलासा कॅमेरा जास्त वेळ व्हिडिओ काढला की तापतो असं वाचलं आणि मोठ्याने हसलो. जळगावच्या मे महिन्यात कॅमेऱ्याच्या आधी कॅमेरावाला बंद पडतो. बायकोने कूस बदलली आणि म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

शेवटी गेलो आमच्या स्टुडिओवाल्या नानांकडे. नानांनी फिल्मच्या काळापासून लग्नं काढलीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून फोकस करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून स्वतःचा निकॉनचा फुल फ्रेम डी ७५० काढला, २०१४ चं मॉडेल, आणि माझ्या हातात दिला. "एक दिवस घेऊन जाय. जे काढायचं ते काढ. शटर पडलं तं पडू दे, पण माती लागू देऊ नको." पाऊण किलोचा तो ऐवज हातात आला आणि मनगटात एक कळ गेली. मला ती मानाची वाटली.

जानेवारी होता. भुसावळला उतरून पहाटे हतनूर गाठलं. तापी-पूर्णेच्या संगमाखाली धरणाचा फुगवटा धुक्यात पडलेला, काठावर होड्या पालथ्या, आणि पलीकडच्या चिखलात चक्रवाकांची एक जोडी, भाजक्या विटेच्या रंगाची, मान मागे खुपसून झोपलेली. इतका जवळ चक्रवाक मला आजवर मिळाला नव्हता. मी गुडघ्यावर बसलो, माझी ५५-३०० ची लेन्स नानांच्या बॉडीला लावली, डोळा लावला. तिथे चित्राच्या मधोमध एक चौकोन उमटला होता. लेन्स क्रॉपची आहे, हे बॉडीने ओळखलं होतं. तालेवार घरात गरीब पाहुणा आला की त्याला ओसरीवरच जेवायला वाढतात ना, तसं तिने माझ्या लेन्सला मधल्या चौकोनात बसवलं होतं. फोटो काढला. पक्षी होता तेवढाच आला. फक्त माझ्या जुन्या डब्यावर तो २४ मेगापिक्सेलचा आला असता, इथे १० चा. एवढ्यात नर उठला, मान ताणून मोठ्याने ओरडला आणि दोघंही धुक्यात निघून गेले. त्या ओरडण्यात गणिताच्या सरांचा आवाज होता, असं मी शपथेवर सांगतो.

भुसावळच्या स्टेशनावर चहा पिताना मी ठरवून टाकलं: विषय बंद.

पण त्याच संध्याकाळी भाचा पुण्याहून आलेला, म्हणून आईने मागच्या अंगणात खापर टाकलं. अंधार पडलेला. वरचा बल्ब चाळीसचा, तोही धुराने पिवळा. मला कॅमेरा सकाळी परत करायचा होता आणि नानांनी सोबत स्वतःची ५० ची साधी लेन्स दिली होती, ती अजून पिशवीतून काढलेलीही नव्हती. लावली. ही फुल फ्रेमची लेन्स, त्यामुळे या वेळी चौकोन आला नाही. काठापासून काठापर्यंत सगळं अंगण आत आलं. आईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा लोंबत होता, ती तो हातावरून हातावर घेत ताणत होती, आणि चुलीचा जाळ तिच्या हनुवटीखाली होता. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, आयएसओ ६४००. माझ्या कॅमेऱ्यावर एवढ्याला ज्वारीचं पीठ सांडल्यासारखा दाणा येतो. मी श्वास धरून तीन फोटो काढले.

आत येऊन लॅपटॉपवर मोठा केला. हातावरचे केस दिसत होते, केसांवरचं पीठ दिसत होतं. मांड्यातून पलीकडचा जाळ दिसत होता. एकेका सुरकुतीत अंधार वेगळा होता. भाचा पहिल्यांदाच काही बोलला नाही. आईला हाक मारली. तिने पदराने हात पुसले, चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाहिलं.

"कडे जयना शे मांडा," ती म्हणाली. मांडा कडेला जळलेला, तेवढंच तिला दिसलं. "इतला सफा फोटो कसाले काढा?"

सकाळी नानांना कॅमेरा परत दिला, पण हात त्याच्यावरून निघेना.

पुढचे महिने मी जे केलं त्याला वाट पाहणं म्हणतात. फेब्रुवारीत एका लग्नाला चाळीसगावला गेलो होतो. वऱ्हाड जेवत होतं तेवढ्यात स्टेशनजवळच्या छायाचित्रकार केकी मूस यांच्या बंगल्यात जाऊन आलो. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यातून डोंगरदऱ्या उभ्या करणारा हा माणूस. जगभरातून बक्षिसं आली आणि हा दशकानुदशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. रात्रीच्या मेलने कोणीतरी येणार म्हणून ते रोज वाट पाहायचे, अशी गोष्ट तिथे सांगतात. ते फोटो पाहताना मी अगदी गप्प झालो होतो. बाहेर आलो आणि पहिली गोष्ट काय केली? मोबाईल काढून भाव उतरला का ते पाहिलं. ते मेलची वाट पाहत होते, मी सेलची.

सेलमध्येही नवी बॉडी लाखाखाली येईना. आणि मग, आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यावर, जळगावच्या एका गृहस्थाचा निरोप नानांमार्फत आला: मिररलेसवर गेलोय, डी ७५० काढायचाय, शटर ४१ हजार वेळा पडलंय. हे शटर दीड लाख वेळा पडेपर्यंत टिकावं असं बनवलेलं असतं; म्हणजे अजून तरुणच. फक्त खालच्या बाजूला थोडा मार लागलेला.

जळगावला स्टँडवर उतरलो तेव्हा बाबाही उतरले. त्यांना मेहरूणला जायचं होतं, तरी रिक्षापर्यंत आले. रिक्षावाल्याला स्वतःच म्हणाले, "भाऊले सिव्हिलले सोड, दुखना घरना मानूस शे, जास्त पैसा घेऊ नको." आता इथे माघार घ्यायची सोय उरली नव्हती. मी सिव्हिलपर्यंत गेलो. फाटकाशी उतरलो, रिक्षा वळेपर्यंत उभा राहिलो आणि तिथून भर उन्हात पायी त्या गृहस्थांच्या घरी गेलो.

बॉडी चांगली होती. सेन्सरवर धुळीचे दोन ठिपके. खानदेशात तेवढे जन्मखूण म्हणून धरायचे. पैसे मोजले, डबा काखोटीला मारला, रात्री घरी आलो. बायकोने डबा उघडून आतल्या काळ्या भोकाकडे पाहिलं, माझ्या दोन लेन्सकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही; तिच्या घराण्यात हा सर्वांत मोठा आवाज समजतात.

आई गादीवर बसली होती. "उना का तुना खापर?"

"आलं."

"कितलानं?"

सांगितलं. तिने बॉडी हातात घेऊन वजन पाहिलं, पाटा-वरवंट्याचं पाहावं तसं, आणि जपून माझ्या मांडीवर ठेवली.

"आते पुरन?"

नानांची ती ५० ची लेन्स सध्या माझ्याकडे आहे. शुक्रवारी परत करायचीय.